तलवारीचा डाव नियमपुस्तकात कसा वाचावा

टेबलाभोवती बसून फासे टाकत आपापले पात्र रंगवायच्या टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये तलवारबाज पात्र घेऊन बसलेल्या नव्या खेळाडूची फसगत बहुधा डावांच्या नावांनी होते. ‘फेंट’ (हूल), ‘रिपोस्ट’ (परतवार), ‘डिसआर्म’ (शस्त्र उडवणे) अशी नावे वाचली की मनात एक चित्र उभे राहते आणि त्या चित्राच्या भरवशावर तो डाव निवडून मोकळा होतो. नियम मात्र त्या चित्राला बांधलेला नसतो. एका खेळातील हूल शत्रूच्या बचावाचा आकडा दोनाने खाली आणते, दुसऱ्या खेळात तीच हूल एकाऐवजी दोन फासे टाकू देते, तर तिसऱ्यात तिच्यापायी अख्खी पाळी खर्ची पडते. म्हणून डावांचे प्रकरण उघडण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे: या खेळात तलवारीने केलेला बचाव नेमका कुठे ठेवला आहे? हल्ला शोधावा लागत नाही, तो फाशात समोरच असतो. बचावाची जागा सापडली की प्रत्येक डाव हा त्या बचावाशी केलेला सौदा आहे हे दिसू लागते, आणि त्या सौद्यात आपण काय मोजतो आहोत तेही कळते.

आधी खऱ्या पोलादाकडे थोडे पाहू. द्वंद्वात माणूस कोणत्या ना कोणत्या पवित्र्यात उभा असतो, आणि प्रत्येक पवित्रा शरीराचा एक भाग झाकताना दुसरा उघडा ठेवतो. वार त्या उघड्या भागाकडे येतो. प्रतिस्पर्धी पाते आडवे आणून तो अडवतो आणि अडवल्याबरोबर परतवार करतो, हाच रिपोस्ट. हूल देणे म्हणजे एका दाराशी आवाज करून समोरच्याला ते दार लावायला पाठवणे आणि आपण दुसऱ्या दाराने आत शिरणे. पाती एकमेकांना भिडून राहिली, तर दाब कुठून येतो आहे हे हाताला जाणवते आणि पुढचा निर्णय डोळ्यांऐवजी मनगट घेते. चौदाव्या शतकातील योहानेस लिश्टेनाउअर या जर्मन उस्तादाच्या परंपरेत लढाईचा विचार ‘आधी’, ‘नंतर’ आणि ‘त्याच क्षणी’ या तीन शब्दांभोवती फिरतो. नियमपुस्तकांतील अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली कृती) आणि रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या कृतीला दिलेले उत्तर) ही या शब्दांचीच गरीब भावंडे आहेत; ‘त्याच क्षणी’ला मात्र बहुतेक खेळांत जागाच मिळत नाही.

बचावाची सर्वांत परिचित जागा म्हणजे आर्मर क्लास, वार बसण्यासाठी हल्ल्याच्या बेरजेने गाठायचा आकडा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आला, तो १९७१ च्या ‘चेनमेल’ या छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या युद्धखेळाच्या खांद्यावर उभा राहून. पुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत लढाईचा एक राउंड, म्हणजे सर्वांच्या पाळ्यांचा एक फेरा, एका मिनिटाचा होता. मिनिटभरात योद्धा एकदाच हात उचलतो असे कोणी मानत नव्हते. त्या मिनिटातल्या हुली, अडवणुकी आणि चाचपण्या होऊन गेल्या असे धरून फासा फक्त खरीखुरी संधी साधली की नाही एवढेच सांगत असे. पाचव्या आवृत्तीत राउंड ६ सेकंदांवर आला, पण घडण तीच राहिली. चिलखत, ढाल आणि चपळाई मिळून एक आकडा बनतो आणि तलवारीवरच्या प्रभुत्वाला त्यात स्थान नसते. वीस लढाया पाहिलेला योद्धा आणि काल भरती झालेला पोर एकाच चिलखतात उभे असतील व दोघांची चपळाई सारखी असेल, तर दोघांवर वार बसण्याची शक्यताही सारखीच असते. अनुभवी योद्ध्याचे कसब हिट पॉइंटच्या, म्हणजे नुकसान सोसण्याच्या आकड्याच्या, मोठ्या साठ्यात जमा झालेले असते, आणि म्हणूनच त्या साठ्यातून वजा होणारा प्रत्येक आकडा म्हणजे रक्ताळलेली जखम असे वर्णन करू नये, असे माझे मत आहे.

आता या घडणीत डाव कसे बसवले आहेत ते २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील ‘बॅटल मास्टर’ या योद्ध्याच्या उपप्रकारात पाहता येते. तिसऱ्या पातळीवर त्याला तीन डाव आणि आठ पैलूंचे चार फासे मिळतात. जवळजवळ प्रत्येक डावाला त्यांतला एक फासा लागतो आणि विश्रांती घेतल्यावर ते परत येतात. म्हणजे पहिली किंमत उघड आहे. दुसरी किंमत मात्र वाक्यात लपलेली असते आणि तीच बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ‘पॅरी’ (अडवणे) आणि ‘रिपोस्ट’ शेजारी ठेवून वाचावेत. शत्रूच्या वाराने आपल्याला नुकसान झाले की पॅरी वापरता येतो, आणि त्या नुकसानातून फाशाचा आकडा आणि चपळाईमुळे मिळणारा अधिकचा आकडा वजा होतो. शत्रूचा वार चुकला की रिपोस्ट वापरता येतो, आणि आपला परतवार बसल्यास फाशाचा आकडा नुकसानात मिळवायचा असतो. दोन्हींसाठी रिअ‍ॅक्शन खर्च होते, आणि रिअ‍ॅक्शन एका राउंडमध्ये एकच असते.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. आखाड्यात अडवणे आणि परतवार ही एकाच कृतीची दोन पावले आहेत, आणि अडवल्याशिवाय परतवार संभवत नाही. या नियमांत मात्र ती दोन पावले परस्परविरोधी झाली आहेत. एक डाव वार बसल्यावरच उघडतो, दुसरा वार चुकल्यावरच. एकाच वारावर दोन्ही वापरणे अशक्य आहे. त्यामुळे ‘मी तलवारबाज आहे, म्हणून दोन्ही घेतो’ हा विचार चित्रावरून केलेला असतो, नियमावरून नाही. जड चिलखत आणि ढाल घेतलेल्या पात्रावर वार वारंवार चुकतात, म्हणून त्याला रिपोस्ट लाभतो. हलक्या पोशाखातल्या चपळ पात्राला वार बसण्याची सवय ठेवावी लागते आणि चपळाईचा आकडाही मोठा असतो, म्हणून त्याला पॅरी शोभतो. शिवाय शत्रू आवाक्याबाहेर निसटू लागला तर त्याच्यावर करायचा संधीचा वारही याच रिअ‍ॅक्शनमधून जातो. रिपोस्ट घाईने वापरणाऱ्याला पळणाऱ्याकडे नुसते पाहत राहावे लागते.

हूल आणि अचूक वार यांची तुलना आकड्यांनी केलेली बरी. समजा पाचव्या पातळीच्या योद्ध्याला हल्ल्यावर अधिक ७ मिळतात आणि समोरच्याचा आर्मर क्लास १६ आहे. वीस पैलूंच्या फाशावर ९ किंवा जास्त पडले की वार बसतो, म्हणजे शक्यता ६० टक्के आहे. ‘फेंटिंग अटॅक’ घेतला की दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा, त्यामुळे शक्यता ८४ टक्क्यांवर जाते. त्यासाठी एक खास फासा आणि बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली एक जादा छोटी कृती) आधीच मोजावी लागते, वार बसला तर फाशाचा आकडा नुकसानातही मिळतो, पण वार चुकला तर सगळे वाया जाते. अचूक वाराचा, म्हणजे ‘प्रिसिजन अटॅक’चा, फासा मात्र हल्ल्याची फेक पाहिल्यानंतर टाकता येतो. फाशावर ६ पडले, बेरीज १३ झाली आणि तीन कमी पडले, तर आठ पैलूंच्या फाशावर ३ किंवा जास्त हवेत, म्हणजे ७५ टक्के शक्यता. ज्या वेळी वार आपोआप बसला असता त्या वेळी यात एक पैसाही खर्च होत नाही. गेम मास्टर (खेळ चालवणारा) आर्मर क्लास सांगत नसला तरी दोन-तीन वार पाहिले की तो आकडा साधारण ओळखता येतो, आणि ओळखता आला की माझी पसंती नेहमी अचूक वाराला असते. बोनस अ‍ॅक्शनला दुसरे काही काम नसेल आणि पहिलाच वार बसणे अत्यावश्यक असेल, तेव्हाच हूल द्यावी.

पाडण्याच्या डावात किंमत पाळ्यांच्या क्रमात असते. ‘ट्रिप अटॅक’ यशस्वी झाला की शत्रू जमिनीवर येतो आणि पाच फुटांच्या आतून त्याच्यावर वार करणाऱ्याला दोन फाशांचा लाभ मिळतो. लांबून बाण मारणाऱ्याला मात्र तोच शत्रू अधिक अवघड होतो, कारण त्याला दोन फाशांतला लहान आकडा घ्यावा लागतो. शत्रू आपल्या पाळीत निम्मी चाल खर्चून उठतो आणि मामला तिथेच संपतो. मी स्वतः एकदा पाळीतल्या दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या, वाराने एका दांडग्या शत्रूला मोठ्या ऐटीत आडवे पाडले होते. माझ्यानंतर आमचा धनुर्धारी होता आणि त्याच्यानंतर थेट तोच शत्रू. धनुर्धाऱ्याचे दोन्ही बाण माझ्या पराक्रमामुळे चुकले, शत्रू उठला, आणि टेबलाभोवती बराच वेळ शांतता पसरली. तेव्हापासून मी पाडण्याचा डाव पहिल्या वारालाच लावतो आणि त्याआधी पाळ्यांच्या यादीत माझ्या व शत्रूच्या मध्ये कोण आहे ते पाहतो.

२०२४ च्या सुधारित नियमांत शस्त्रांनाच काही गुण चिकटवले आहेत: लाँगसोर्डचा वार बसलेल्या शत्रूचा पुढचा हल्ला अवघड होतो, ग्रेटसोर्डचा वार चुकला तरी थोडे नुकसान होतेच. हे गुण वापरता येणाऱ्या पात्राला त्यांसाठी फासा किंवा रिअ‍ॅक्शन मोजावी लागत नाही, म्हणून त्यांचा हिशेब आधी मांडावा आणि मोजावे लागणारे डाव त्यावर रचावेत.

याच घराण्यातील इतर खेळांत किंमत वेगळ्या जागी जाते. २००९ च्या ‘पाथफाइंडर’मध्ये शत्रूचे शस्त्र उडवायला निघालेल्या, पण त्या डावाचे खास शिक्षण न घेतलेल्या पात्रावर शत्रूला आधी फुकटचा वार करता येतो, आणि प्रयत्न दहा किंवा अधिकने फसला तर आपल्याच हातातील तलवार खाली पडते. इथे किंमत जोखमीत आहे. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक पाळीत तीन अ‍ॅक्शन असतात आणि दुसऱ्या हल्ल्यावर उणे ५, तिसऱ्यावर उणे १० बसतात. त्या नियमांत पाडणे आणि शस्त्र उडवणे हे हल्ले धरले जातात, हूल मात्र धरली जात नाही. साध्या तलवारीने आधी पाडून मग वार केला तर शत्रूचा बचाव दोनाने घटलेला असला, तरी आपला वार पाचाने कमजोर झालेला असतो. आधी हूल देऊन वार केला, तर तोच दोनाचा लाभ विनादंड मिळतो. त्यातही बचावापेक्षा दहाने जास्त बेरीज झाली की जबर वार बसतो, त्यामुळे ते दोन आकडे दिसतात त्यापेक्षा मोलाचे आहेत. पाडण्याचा खरा लाभ साथीदारांना मिळतो, आणि शत्रूला उठण्यासाठी एक अ‍ॅक्शन गमवावी लागते.

बचावाची दुसरी जागा म्हणजे स्वतंत्र फासा. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये हल्ल्याची टक्केवारी वेगळी आणि अडवण्याची वेगळी; वार करणारा आपला फासा टाकतो, अडवणारा आपला. त्याचे रचनाकार स्टीव्ह पेरिन १९६६ मध्ये बर्कली येथे सुरू झालेल्या, चिलखत घालून प्रत्यक्ष लढणाऱ्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’च्या सुरुवातीच्या मंडळींपैकी होते, आणि अडवणे ही स्वतंत्र कृती आहे हा आग्रह तिथून आला असल्यास नवल नाही. १९८६ च्या ‘गर्प्स’मध्ये हा विचार टोकाला नेला आहे. तिथे एक पाळी फक्त एका सेकंदाची असते, सहा पैलूंचे तीन फासे टाकून आपल्या कौशल्याइतकी किंवा कमी बेरीज आणायची असते, आणि २००४ च्या चौथ्या आवृत्तीत तलवारीने अडवण्याचा आकडा म्हणजे कौशल्याच्या निम्मे अधिक ३.

या आवृत्तीत चांगले तलवारबाज समोरासमोर आले की नव्या खेळाडूचा धीर सुटतो, कारण दोघांचेही वार अडवले जात राहतात. समजा दोघांचे कौशल्य १६ आहे. साधा वार जवळजवळ प्रत्येक वेळी नेमका जातो, पण समोरच्याचा अडवण्याचा आकडा ११ असल्यामुळे तो सुमारे ६२ टक्के वेळा अडवला जातो. हमखास बसणारे क्रिटिकल वार धरूनही आपला वार शरीरापर्यंत पोहोचण्याची शक्यता ४३ टक्क्यांच्या आसपास राहते. ‘डिसेप्टिव्ह अटॅक’ हा डाव नेमका इथे कामाला येतो: स्वतःचे कौशल्य दर दोनाने घटवले की समोरच्याचा बचाव एकाने घटतो. दोन घटवून १४ वर वार केला तर शक्यता ४६ टक्के होते. चार घटवून १२ वर केला तर ४७. सहा घटवून १० वर आलो, तर ती ३८ च्याही खाली घसरते, म्हणजे साध्या वारापेक्षाही वाईट. हा उतार एकदा कागदावर मांडून पाहिलेला खेळाडू ‘जितकी जास्त फसवणूक तितके चांगले’ या समजुतीत पुन्हा अडकत नाही.

‘गर्प्स’मधील हूल याहून महाग आहे. तिच्यासाठी पूर्ण सेकंद द्यावा लागतो, दोघे आपापल्या कौशल्यावर फासे टाकतात, आणि आपण जितक्या फरकाने जिंकलो तितका त्याचा बचाव आपल्या पुढच्या वारापुरता घटतो. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यापुढे हा सौदा सहसा तोट्याचा असतो, कारण फरक लहान येतो आणि दरम्यान तो मात्र वार करून मोकळा झालेला असतो. कौशल्यात पाच-सहाची आघाडी असेल आणि समोरचा ढालीमागे दडून बसला असेल, तेव्हा हूल सोन्याची ठरते. ‘ऑल-आउट अटॅक’बद्दल एवढेच सांगतो की त्यात मिळणारे अधिक ४ पाहण्याआधी, त्यानंतर आपल्या पुढच्या पाळीपर्यंत कोणताही सक्रिय बचाव करता येत नाही हे वाक्य दोनदा वाचावे.

तिसरी जागा सर्वांत रोचक आहे: हल्ला आणि बचाव एकाच थैलीत. २००२ च्या ‘द रिडल ऑफ स्टील’चे रचनाकार जेक नॉरवुड हे ऐतिहासिक युरोपीय तलवारबाजीचा सराव करणारे होते, आणि ते त्या खेळात जाणवते. प्रत्येकाकडे फाशांचा एक साठा असतो. सुरुवातीला दोघेही एकाच वेळी लाल किंवा पांढरा फासा टेबलावर ठेवतात. लाल म्हणजे वार, पांढरा म्हणजे बचाव. मग साठ्यातले किती फासे या चकमकीत लावायचे ते ठरवायचे, आणि दोन चकमकी झाल्याशिवाय साठा पुन्हा भरत नाही. समजा आपल्याकडे १२ फासे आहेत आणि समोरच्याकडे ११. आपण ७ लावून वार केला, त्याने ८ लावून अडवला आणि वरचढ ठरला. पुढाकार त्याच्याकडे गेला, पण त्याच्या हातात आता ३ फासे उरले आहेत आणि आपल्या हातात ५. म्हणजे पहिला वार अडवला गेला, तरी दुसऱ्या चकमकीत आपण निर्धास्त आहोत. इथे डावांची नावे जवळजवळ गौण ठरतात. खरा डाव म्हणजे किती राखून ठेवले हा. दोघांनीही लाल फासा ठेवला तर दोघांचे वार एकमेकांवर एकदमच येतात, आणि लिश्टेनाउअरच्या ‘त्याच क्षणी’ला अखेर जागा मिळते, भले ती दोघांच्या जिवावर बेतणारी असो.

या सगळ्याचा रोजच्या खेळात उपयोग व्हावा म्हणून पात्राच्या कागदावर डावाच्या नावाखाली त्याचे वर्णन उतरवू नये. त्याऐवजी तो कोणत्या क्षणी उघडतो, आपल्याकडून काय घेतो आणि समोरच्याला त्यावर उत्तर देता येते का, एवढे आपल्या शब्दांत लिहावे. रिपोस्टपुढे ‘वार चुकला की, रिअ‍ॅक्शन आणि फासा, उत्तर नाही’ एवढे पुरे. ट्रिपपुढे ‘वार बसला की, फासा, ताकदीवर वाचू शकतो, मध्ये कोण आहे ते पाहा’ असे लिहिले की पाळी आल्यावर पुस्तक चाळावे लागत नाही.

गेम मास्टरला मात्र पुस्तकात नसलेल्या डावांचाही निवाडा करावा लागतो. पाचव्या आवृत्तीच्या टेबलावर एखादा खेळाडू म्हणतो की मी तलवारीच्या मुठीने त्याची ढाल खाली ओढतो. ढालीचे आर्मर क्लासमध्ये दोन गुण असतात, तेव्हा साहजिक निवाडा असा सुचतो की एक वार सोडून द्यावा, दोघांनी ताकदीची चुरस करावी, आणि यश आले तर शत्रूच्या पुढच्या पाळीपर्यंत ते दोन गुण धरू नयेत. पण वरच्याच योद्ध्याचा हिशेब लावून पाहा. तो ६० टक्के शक्यतेचा एक वार सोडतो आहे आणि त्याबदल्यात पुढच्या प्रत्येक वाराची शक्यता दहा टक्क्यांनीच वाढते आहे. चुरस हमखास जिंकली असे धरले तरी, साथीदारही त्याच्याच तोडीचे असले तर, भरपाईलाच शत्रूवर आणखी सहा वार व्हायला हवेत, आणि चार जणांच्या पार्टीत शत्रूची पाळी येण्याआधी तितके वार क्वचितच होतात. असा निवाडा दिला तर खेळाडू ढाल पुन्हा कधीच ओढणार नाही. त्यामुळे मी ही ओढ बोनस अ‍ॅक्शनवर करू देतो आणि वार त्याच्या हातात शिल्लक ठेवतो.